अवस नाही, पुनव नाही

वहिनी, तुला साडी नेसवली आहे.

तिठ्यावर तुझा फलक लागला आहे. एरवी वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे लागतात, तिथेच. तू गेलीस त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी दूध आणायला गेलो आणि समोर तू. फोटो ओळखीचा वाटला, पण कुठला ते लक्षात येईना. केस कपाळाला चिकटलेले, सगळे दात दिसेपर्यंत हसतेस, चष्मा नाही, आणि मानेखाली मोरपिशी रंगाची जरीकाठाची साडी, दोन्ही खांद्यांवरून घट्ट पदर. तुझ्याकडे असली साडी कधीच नव्हती. घरी येऊन शुभाला सांगितलं. ती जाऊन बघून आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "अहो, तो ग्रुपवरचा फोटो."

मग मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी तुझा फोटो टाकला होता. सुरूच्या झाडांआडून काढलेला. तू पाण्यातून बाहेर येतेस, अंगात दादाचा जुना टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट, सगळं भिजून अंगाला चिकटलेलं. खाली लिहिलं होतं, "आज मोरी गावली." मोरी म्हणजे शार्क. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यात आपल्या नात्यातली माणसं होती, तू ज्यांना बाराखडी शिकवलीस ती होती, आणि बाबुराव होता, वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष. तू संध्याकाळी तो फोटो बघितलास आणि त्याच ग्रुपवर उत्तर टाकलंस, "भाव काय लावलास?" त्यानंतर दोन दिवस त्या ग्रुपवर कोणी सुप्रभातसुद्धा घातली नाही.

त्याच फोटोतला चेहरा कापून, खाली संगणकावरची साडी चिकटवून, मंडळाने तुला श्रद्धांजली वाहिली आहे. मजकूर असा आहे: "पतीच्या पश्चात सागरस्नानाचे अखंड व्रत आचरणाऱ्या, आदर्श शिक्षिका." खाली मंडळाचे सगळे पदाधिकारी, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचे हात जोडलेले.

मला शिसारी आली, वहिनी. दुःख आहे, ते वेगळं आहे. ते रात्रीसकाळी येतं, जेवताना येतं, त्याचं मी बघून घेईन. पण तिठ्यावरून जाताना जे होतं ते दुःख नव्हे. आंबलेल्या पेजेचं झाकण उघडल्यावर होतं तसं होतं.

मी हिशेबाचा माणूस, तुला ठाऊक आहे. पतपेढीत जन्म गेला. त्यामुळे आधी मी मजकूर तपासला. "पतीच्या पश्चात." दादा गेला त्याच्या चार वर्षं आधी तू पाण्यात उतरलीस. ह्याला साक्षीदार आहे सगळी वाडी, कारण त्या चार वर्षांत ती तेवढंच बोलत होती. "अखंड." पावसाळ्याचे महिने तू एक दिवस पाण्याला पाय लावला नाहीस. नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवळला की मग. आणि "व्रत." ह्या शब्दापाशी मी थांबलो. बाकीच्या चुका आहेत. हा शब्द चूक नव्हे. ह्या शब्दाने तुझ्याकडून तुझी गोष्ट काढून घेतली आहे.

आपलं भांडण ह्याच गोष्टीवरून होतं, आणि ते अर्धवट राहिलं.

पहिल्या दिवसाचं मला स्पष्ट आठवतं. तू तेव्हा शाळेतच होतीस, पन्नाशी जवळ आली होती. ख्रिसमसच्या सुट्टीत आपण चौघं वेळेवर, म्हणजे दर्याकाठच्या वाळूवर, फिरायला गेलो होतो. तू, दादा, शुभा आणि मी. तू चष्मा काढून दादाच्या हातात दिलास आणि सलवार-कुर्त्यासकट चालत पाण्यात गेलीस. आधी आम्हाला वाटलं पाय भिजवते आहे. मग गुडघे गेले, कंबर गेली, आणि तू हात मारायला लागलीस. शिरोड्याला माहेरी, विहिरीत, कमरेला सुके नारळ बांधून तू शिकली होतीस आणि मोठी झालीस म्हणून बंद केलं होतंस. हे दादाला माहीत होतं. आम्हाला त्या दिवशी कळलं. त्या लाटांपलीकडे जाऊन तू उताणी पडलीस, हात पसरून, आभाळाकडे तोंड करून, आणि तशीच राहिलीस.

तुझं ते उताणं पडणं वाडीला सगळ्यात जास्त झोंबलं. पोहणं एक वेळ चाललं असतं. बाईमाणसाने भर सकाळी उताणं पडून तरंगायचं म्हणजे काय. सुलूकाकी, आपली शेजारीण, कुंपणावरून शुभाला म्हणाली होती की तुझ्या जावेला सांग, मढी तशी तरंगतात.

दादा वाळूवर बसून राहायचा, मांडीवर टॉवेल, हातात तुझा चष्मा. त्याला पोहता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्यांपैकी कोणीतरी त्याला डिवचलं, बायल दर्यात आणि तू हय चष्मो राखतस, लाज नाय वाटणा? दादा म्हणाला, "चष्मो माझ्याकडे आसा. तिका थंयसून कोण दिसणा नाय. तेवढा बरा."

मी मात्र काळजी करायचो. माझं म्हणणं साधं होतं. लोक विचारतात, तर एक कारण सांग आणि मोकळी हो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हण. ढोपरं दुखतात म्हण, पाण्यात व्यायाम होतो. सगळ्यांची तोंडं बंद होतील. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आज ढोपरां सांगितली, उद्या ढोपरां बरी झाल्यार काय सांगू?"

"मग खांदो सांग," मी म्हणालो.

तू हसलीस. मग ताट बाजूला ठेवून म्हणालीस, "भावजी, माका मजा येता म्हणान मी जातंय. ह्येच्यापेक्षा मोठा कारण माझ्याकडे नाय."

मी म्हणालो की मजा हे कारण कोणी मानत नाही. तू म्हणालीस, मानू नको दे. तुझं म्हणणं असं होतं की अवसेला सगळी वाडी दर्यात उतरते. देवाच्या पालखीबरोबर बायका लुगड्यासकट गळ्यापर्यंत पाण्यात जातात, भिजून बाहेर येतात, रस्त्याने तशाच घरी जातात, आणि कोणाची नजर वर होत नाही. पुण्यासाठी भिजलेली बाई चालते. मजेसाठी भिजली की तीच बाई, तेच पाणी, तेच कपडे, आणि सगळ्यांचे डोळे फुटतात. त्यांना भिजण्याचं काही नाही, ती खूश आहे ह्याचं आहे.

मला ते पटलं होतं, तरी मी माझा मुद्दा सोडला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो निघायचा. अजूनही सांगतो, एक खोटं वाक्य बोलली असतीस तर तुझा पुष्कळ त्रास वाचला असता. हे बरोबर आहे आणि तू गेलीस म्हणून ते चूक होत नाही. फक्त त्या वाक्याची किंमत किती होती ते मला तिठ्यावर उभा राहिल्यावर कळलं. तू जे वाक्य जन्मभर बोलली नाहीस, ते त्यांनी तू गेल्यावर तुझ्या तोंडाखाली छापलं.

तुझ्या जाण्याचंही त्यांनी तेच केलं. तू घरच्या न्हाणीत पडलीस. साबणाच्या पाण्यावर पाय सरकला, डोकं कट्ट्यावर आपटलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जो दर्या दहा वर्षं तुला काठावर आणून सोडत होता त्याचा ह्यात काही हात नाही. पण समाचाराला येणारी माणसं ओटीवर टेकायच्या आधीच म्हणायची, "शेवटी पाण्यान नेल्यान." मी प्रत्येकाला सांगत होतो, न्हाणीत पडली. ते मान हलवत होते आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा पाणीच सांगत होते. सुलूकाकी तर रडली. खरंच रडली. म्हणाली, सतीसावित्री बाई, घोवाच्या नावान दर्यात न्हायची. शुभा आत निघून गेली. मी चहा पुढे केला. काकीने घेतला नाही, आमच्या घरी सुतक होतं.

आठव्या की नवव्या दिवशी मी बाबुरावाकडे गेलो. सुतकात कोणाच्या घरात जायचं नसतं, म्हणून बाहेर रस्त्यावरच उभा राहिलो. त्याचं न्याहारी निवास तुला माहीत आहे, वेळेच्या तोंडावर. मुंबई-पुण्याच्या मुली त्याच्याकडे उतरतात, पोहायचे कपडे घालून त्याच्या अंगणातून दर्यावर जातात, आणि तो त्यांना सोलकढी विचारतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी जावं. मी ज्या ठिकाणी उभा होतो तिथे त्याची पाटी आहे. डॉल्फिनचं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरांत: "या, समुद्राची मजा लुटा."

तो बाहेर आला. तुझं नाव काढून डोळे पुसले. मी म्हणालो, फलक उतरव किंवा मजकूर बदल. व्रत हा शब्द काढ. त्याला आधी वाटलं पदाधिकाऱ्यांमध्ये कोणाचा फोटो राहिला म्हणून मी चिडलो आहे. मग मी नीट सांगितलं. तिने व्रत केलं नव्हतं, तिला पोहायला आवडायचं, मजा यायची, तेवढंच लिहा किंवा काहीच लिहू नका.

"भाऊ, गेलेल्या माणसाबद्दल मजा म्हणान लिवक येता काय?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतीत?"

मी पाटीकडे बोट केलं. "तुझ्या पाटयेर लिवक येता, मगे तिच्या फलकार कित्याक नाय?"

"ती वेगळी गजाल," बाबुराव म्हणाला. "ता धंद्याचा आसा."

वर मला समजावलं. आम्ही वयनीची इज्जत राखली, तो म्हणाला. तो फोटो कसा होता तुला ठाऊक आहे, आम्ही साडी दिली. हे तो अगदी मनापासून म्हणाला, वहिनी. तेच भयंकर आहे. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटतं की तुझ्यात काहीतरी उघडं होतं आणि त्याने ते झाकलं.

तेराव्याला संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात सभा ठेवली. मला बोलायला सांगितलं, धाकटा दीर म्हणून. माझ्या आधी चौघे बोलले. एकाने तुला दर्याची लेक म्हटलं. एकाने सांगितलं की रोज सूर्याला अर्घ्य देऊन तू पाण्यात उतरायचीस. तू सूर्याला काय द्यायचीस ते मला माहीत आहे. पाठ द्यायचीस, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून.

मी उभा राहिलो आणि लांबण लावली नाही. दादा असताना ती पोहायला लागली, म्हणजे ते दादाच्या नावाने नव्हतं. पावसात ती जात नसे, म्हणजे ते अखंड नव्हतं. तिने कुठलंही व्रत केलं नाही. तिला मजा यायची. ती मजा तिने आपल्या सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी केली, आणि आपण तिला त्याबद्दल मोरी म्हटलं. एवढं बोलून मी बसलो.

मला वाटलं, आता कोणी तरी भांडेल. भांडावं असं मला वाटत होतं. बाबुरावाने माइक हातात घेतला आणि जड आवाजात म्हणाला, भाऊंना दुःख अनावर झालंय, आपण समजू शकतो. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया. सगळे उभे राहिले, माना खाली. मीसुद्धा उभा राहिलो. दुसरं काय करणार. माझी वाक्यं त्या दोन मिनिटांत लोकांनी गिळून टाकली, मासा गिळतात तशी, काट्यासकट, आणि कोणाला ठसका लागला नाही.

घरी येताना शुभा माझ्या पुढे भराभर चालत होती. मला वाटलं ती माझ्यावर रागावली.

शुभाचं आणि तुझं जे होतं त्यात मी कधी पडलो नाही. पण मी बघत होतो. इतकी वर्षं ती तुझ्याबरोबर वेळेवर यायची आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहायची, साडी हातात धरून. तू दर वेळी तेच म्हणायचीस, "शुभा, आज घोट्याक, उद्या ढोपराक." ती म्हणायची, माका लाज वाटता. तू कधी तिला ओढलं नाहीस. तुझ्याबद्दल कृतज्ञ वाटण्याच्या ज्या गोष्टी आहेत त्यात मी ही वर ठेवतो. ज्यांना स्वतःची मजा सापडते ती माणसं दुसऱ्याच्या मानगुटीवर बसतात. तू नाही बसलीस. फक्त ते एक वाक्य म्हणायचीस आणि पुढे जायचीस.

मलाही तू एकदा तरंगायला शिकवलंस. दादा होता तेव्हा. मी पाठीवर आडवा झालो की माझे पाय खाली जायचे, कारण मी मान वर धरून काठाकडे बघत होतो, कोण कोण उभं आहे ते. तू पाठीखाली एक हात धरलास आणि म्हणालीस, "मान सोड, भावजी. कान पाण्यात जाऊ दे. कान पाण्यात गेले की काठावरच्यांचा ऐकाक येणा नाय." मी मान सोडली. खरंच, सगळं बंद झालं. आतून फक्त बारीक चुरचुर येत होती, वाळूची असेल. मी किती वेळ तसा होतो ते सांगता येणार नाही, आणि मी सहसा वेळ सांगू शकतो. उठलो तेव्हा तू लांब गेली होतीस. तुझा हात पाठीखाली नव्हता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शुभाने कपाटातून तुझी पिशवी काढली. टॉवेल, दादाचा तो टी-शर्ट, ती पँट. न्हाणीत जाऊन कपडे बदलून बाहेर आली आणि म्हणाली, येताय? मी तिचा चष्मा घ्यायला हात पुढे केला, मग लक्षात आलं, ती चष्मा लावत नाही. टॉवेल घेतला.

ऊन चांगलं वर आलं होतं. रापण ओढून झाली होती, मासे निवडायला माणसं जमली होती, म्हणजे बघायला सगळी हजर. सुलूकाकी टोपली घेऊन उभी होती. शुभा घोट्यापर्यंत गेली आणि सवयीने थांबली. मी वाळूवर बसलो, दादा बसायचा तिथे. मला बोलावंसं वाटलं, पण ते वाक्य माझं नव्हतं. मग ती ढोपरापर्यंत गेली. मग कमरेपर्यंत.

काकी पाण्याच्या कडेला आली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट माया होती, आणि मला त्या मायेचीच भीती वाटली. "काय गो शुभा, आज अवस नाय, पुनव नाय. वयनीच्या नावान न्हातस मगे?"

कारण तयार होतं, वहिनी. हातात आणून दिलेलं. शुभाने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. काकी डोळे पुसून घरी गेली असती, आणि दुपारपर्यंत वाडीत एका ऐवजी दोन व्रतस्थ बायका झाल्या असत्या. मी बघत होतो. निवडणारे हात थांबले होते.

शुभा वळली. दात वाजत होते तिचे, थंडीचे दिवस.

"नाय गो काकी," ती म्हणाली. "मजा येता म्हणान."

काकी माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी दुरुस्त करीन म्हणून. मी टॉवेलची घडी मांडीवर सारखी केली. मग काकी बोलायला लागली. घरात चौदा दिवस झाले नाहीत, माणूस गेलेला, आणि ह्या वयात, आणि घोव काठार बसान बघता. रापणीवरच्या दोघांनी तिच्यात आवाज मिळवला. मी सगळं ऐकलं, शब्द न् शब्द.

तुझ्या जावेने नाही ऐकलं. ती उताणी पडली होती. तिचे कान पाण्यात होते.